‘चौथ्यांदा कॅज्युअल्टीत घेत नाहीत’ हा संदेश खोटा

‘महिन्यात तीनदा गोमेकॉच्या (बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज) कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) गेलात की चौथ्यांदा परत पाठवतात’ असा संदेश फिरतोय. असा नियम कुठलेच इस्पितळ करू शकत नाही; तातडीचे उपचार देणे डॉक्टरांवर बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. ताटकळावे लागते ते वेगळ्या कारणाने: नंबर आल्या वेळेवर नव्हे, गंभीरतेवर लागतो. छातीत कळ आलेला आधी आत जातो, चार दिवसांची खाज मागे राहते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्यांत दमेकरी असतातच. धाप थांबली की रोजचा प्रतिबंधक पंप बंद, खिशात फक्त निळा, म्हणजे धाप लागल्यावर घ्यायचा पंप. निळा श्वासनळ्या सैल करतो, आतली सूज तशीच राहते. मग पुन्हा बांबोळी! पंप घेण्यातही चुकते. आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, दाबतानाच सावकाश आत ओढा, १० सेकंद रोखा. दुसरा पफ अर्ध्या मिनिटाने. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) असल्यास उत्तम.

येताना जुने डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची पाकिटे आणा. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावरून काही कळत नाही. ओठ निळे पडले किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर सरळ १०८ लावा.