डीएलआरने गोठ्यात

ज्या गोठ्याचा वास नको म्हणून घरादाराने कर्ज काढून मुलांना शिकायला शहरात धाडलं, तोच वास नातवंडांना देण्यासाठी आपण शनिवारी सकाळी लंडनमध्ये डीएलआर ही गोदी भागातली हलकी रेल्वे पकडतो. या प्रकाराला इथे ‘सिटी फार्म’ म्हणतात. शहराच्या ऐन पोटात वसलेलं, संस्थेने आणि स्वयंसेवकांनी चालवलेलं, बहुतेक ठिकाणी फुकट असलेलं शेत. फुकट म्हटलं की आपण जातोच, आणि शेत म्हटलं की आपल्याला त्यातलं सगळं कळतं अशी आपली समजूतही असते. दोन्ही गोष्टी महागात पडतात.

ब्रिटनमधलं पहिलं सिटी फार्म १९७२ साली केंटिश टाउनमध्ये निघालं. मग हॅकनी, व्हॉक्सहॉल, स्पिटलफील्ड्स. यातल्या स्पिटलफील्ड्सची ख्याती अशी की ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या बोट रेसच्या दिवशी तिथे त्यांच्याच नावाने दोन शेळ्या पळवायची प्रथा पडली. माझा कौल मात्र मडशूटला. टेम्सच्या वळणातल्या आयल ऑफ डॉग्जवर ३२ एकर जागा, आणि चिखल थेट नावातच. मिलवॉल गोदीतला उपसलेला गाळ वर्षानुवर्षं इथे आणून टाकत, त्यावर पुढे गवत माजलं. १९७४ मध्ये तिथे उंच इमारती उभ्या राहायच्या होत्या. रहिवाशांनी तो बेत हाणून पाडला आणि १९७७ मध्ये संस्था काढून जागा राखली. म्हणून आज पुढे मेंढी चरते आणि मागे कॅनरी व्हार्फमधले बँकांचे मनोरे दिसतात. हा फोटो ‘मेंढी कुठली आणि बँकर कुठला ओळखा’ या ओळीसह तुमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेला असणारच.

निघण्यापूर्वी वार बघा. यातली बरीच फार्म सोमवारी बंद असतात, आणि शाळेला सुट्टी नेमकी सोमवारी येते. पोचायचं सकाळी, उघडल्या उघडल्या. तेव्हा जनावरं कुंपणाशी येतात. दुपारी तीनला शेळ्या तृप्त होऊन रवंथ करत बसलेल्या असतात. तुमचं मूल पाऊण तास ‘ये ना गं’ म्हणत उभं राहतं, आणि ती एक डोळा उघडून पुन्हा मिटते. सरकारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीनंतर ज्याला काम पडलंय, त्याला हे दृश्य नवीन नाही.

गमबूट मापाचेच हवेत. ‘वाढतं अंग आहे’ म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले बूट मडशूटचा चिखल जप्त करतो. ओल्या चिखलात पाय उचलला की तळव्याखाली पोकळी होते, ती बुटाला खाली ओढते, आणि ढिला बूट तिथेच राहतो. अशा वेळी काखेत हात घालून मुलाला वर खेचू नका. मूल येतं, बूट येत नाही, आणि मोजा अर्ध्या वाटेवर लोंबतो. बुटाची टाच धरून आधी डावी-उजवीकडे हलवा, खाली हवा शिरू द्या, मग उचला. पावसाळी पँट बुटात खोचायची नाही, बुटावरून सोडायची. खोचली की पँटीवरून ओघळलेलं सगळं पाणी मोज्यांत जमा होतं. मोज्यांचे दोन जास्तीचे जोड आणि एक प्लास्टिकची पिशवी. बाबागाडी न्यावी का? न्या, पण तिच्या चाकांच्या खाचांत जे भरतं तेच संध्याकाळी हॉलमधल्या गालिच्यावर उमटतं, हे लक्षात असू द्या.

आता शेळी. सिटी फार्मची खरी मालकीण तीच. जिथे खाद्याची पुडी विकत मिळते तिथे मुलाला आधी हात शिकवा: तळवा सपाट, बोटं जुळलेली, अंगठा चिकटवलेला. चिमटीत धरून भरवायला गेलं की शेळीला दाणा कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं ते समजत नाही. तिला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते, त्यामुळे बोट सहसा शाबूत राहतं. किंकाळी मात्र कॅनरी व्हार्फपर्यंत पोचते. पुडी उंच धरली की ती मागच्या पायांवर उभी राहते, आणि चार वर्षांच्या मुलापेक्षा ती तेव्हा उंच असते. फार्मचा नकाशा, जाकिटाची नाडी, टोपीचा गोंडा हे सगळं ती हलत्या वरच्या ओठाने चाचपून पाहते. आणि पाटी ‘खाद्य घालू नये’ म्हणत असेल तर घालूच नये. दाणा जास्त झाला की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जीवही जातो.

इथेच गावाहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजोबांचा प्रवेश होतो. विमानतळापासून गप्प असलेला माणूस कुंपणाशी येताच खुलतो. शेळीचा खालचा ओठ बाजूला करून ‘दोनदाती आहे, दीड वर्षाच्या आतबाहेर’ असा निकाल देतो. दुधाचे दात पडून पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण त्या वयात येते, तेव्हा हिशेब बरोबर. मग ‘दूध किती देते?’ हा प्रश्न स्वयंसेविकेला विचारायला सुनेला दुभाषी केलं जातं. ‘आजोबा, हात काढा आधी,’ एवढंच भाषांतर ती करते.

आजींकडे वेगळं जोखमीचं सामान असतं. पिशवीत घडी केलेल्या दोन पोळ्या, गाईसाठी. हे इथे कायद्याने चालत नाही. घरच्या स्वयंपाकघरातलं अन्न कोंबडीला, डुकराला, गाईला, शेतावरच्या कोणत्याच जनावराला घालता येत नाही. घर शाकाहारी असलं तरी नाही. कारण २००१ ची लाळ्या-खुरकुताची साथ. हॉटेलांतलं उष्टंखरकटं नीट न उकळता डुकरांना घातलं, तिथून ती पसरली असा निष्कर्ष निघाला, आणि साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. हे आजींना समजावून सांगायचं काम जावयावर सोपवू नये. ‘आई, पोळ्या आपणच खाऊ’ एवढं लेकीने म्हणावं आणि पिशवी आपल्याकडे घ्यावी.

पण त्या पोळ्या लगेच नव्हेत. आधी हात. सगळ्या सहलीतला गंभीर भाग एवढाच. २००९ मध्ये सरे परगण्यातल्या एका फार्मवर ई. कोलाय ओ१५७ ची लागण होऊन ९३ जण आजारी पडले, त्यात बहुतेक लहान मुलं. हे जंतू धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या शेणातही असतात, तिथून लोकरीवर, कठड्यावर, बुटावर येतात. पर्समधली जेलची बाटली इथे भरवशाची नाही. मळलेल्या हातावर ती नीट काम करत नाही. वाहतं पाणी, साबण, बोटांच्या बेचक्या, नखं, वीस सेकंद, मग कोरडे पुसणं. बूट आणि चाकं आधी धुवायची, हात सगळ्यात शेवटी. उलट केलं की बूट काढताना हात पुन्हा पहिल्या पायरीवर. अंगठा चोखणारं मूल असेल तर एका मोठ्या माणसाची नेमणूक फक्त त्या अंगठ्यावर करावी. कोकराचा मुका घ्यायचा नाही. आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने वेतातल्या मेंढ्या आणि नवी कोकरं यांच्यापासून लांबच राहावं; फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा मोसम.

राहता राहिला कॅफे. गुलाबी डुकरीण पाहून, तिच्या पिल्लांना नावं देऊन झाल्यावर मूल फळ्यावर सॉसेज हा शब्द वाचतं. ते नुकतंच वाचायला शिकलेलं असतं. या प्रश्नाचं सोयीचं उत्तर मला सापडलेलं नाही. खरं तेच सांगावं आणि चिप्स मागवाव्यात.

घरी आल्यावर कपडे मशीनमध्ये टाकण्यापूर्वी खिसे उलटे करा. शेळीला द्यायच्या पेंडीच्या गोळ्या मुलं ‘पुढच्या वेळी’साठी राखून ठेवतात. पाण्यात त्या विरघळून हिरवट लापशी होते, ती फिल्टरमध्ये बसते, आणि मशीन मध्येच थांबून दिवा लुकलुकवत राहतं. फिल्टर उघडण्यापूर्वी खाली पसरट ताट ठेवा. पोळीचं ठेवू नका.