वर्षातून दोनदा लिहिणाऱ्या माणसासाठी

रविवारी मावसभाऊ विचारत होता, "ताई, कोणी काय लिहिलंय ते तुला बरं लगेच कळतं? मला तर कधी दिसतच नाही." म्हटलं, फीड रीडर. तर म्हणतो, "म्हणजे आपण बोटाने वर सरकवत बसतो तेच ना?"

तेच नाही रे बाबा. म्हणून हा प्रपंच. त्याला टॅग केलंय, बाकीच्यांनीही वाचलंत तर आनंदच.

प्रकरण अगदी साधं आहे. बहुतेक ब्लॉग आणि बातम्यांच्या साइट आपल्या पानांबरोबर एक फाइल ठेवतात. ताज्या दहा-वीस लेखांची शीर्षकं, तारखा, लिंका, आणि मजकूर (कधी अख्खा, कधी चारच ओळी) त्यात असतो. ही फाइल म्हणजे फीड. ब्राउझरमध्ये उघडलीत तर नुसती कंसांची रांगोळी दिसेल. दचकू नका, ती आपल्यासाठी नसतेच. रीडर थोड्या थोड्या वेळाने जाऊन ती बघून येतो आणि नवीन काही आलं असलं की आपल्यापुढे आणून ठेवतो, तारखेप्रमाणे लावून. तुम्हाला काय आवडेल हे मधल्यामध्ये कोणी ठरवत नाही. लिहिणाऱ्याला तुमचा ईमेलसुद्धा द्यावा लागत नाही.

हे काही नवीन नाही. आरएसएस हा या फाइलचा सगळ्यात प्रसिद्ध प्रकार १९९९ साली नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरवाल्या कंपनीत जन्मला. तो घडवणाऱ्या दोघांपैकी एक रामनाथन गुहा, आपल्या आयआयटी मद्रासचे. पुढच्याच वर्षी त्याची १.० आवृत्ती तयार करणाऱ्या गटात ॲरन स्वार्ट्झ नावाचा चौदा वर्षांचा पोरगा होता. चौदा! त्या वयात मी वहीला कव्हरं घालत होते. आणि तुम्ही पॉडकास्ट ऐकत असाल तर आरएसएस आजही वापरताय, फक्त पत्ता नाही. नवा भाग आपोआप ॲपमध्ये येतो तो बहुतेक वेळा याच फाइलमधून.

सुरुवात करायला फीडली किंवा इनोरीडर घ्या, दोन्ही फुकटात पुरतात. आयफोनवाल्यांनी नेटन्यूजवायर. साइटचा पत्ता टाकला की बहुतेक वेळा रीडर स्वतःच फीड शोधून काढतो. नाही सापडलं, आणि साइट वर्डप्रेसवर असली, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहून पाहा. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असतं. हे माहीत नसल्याने किती जण ती घंटा वाजवत बसतात!

आता माझा गाढवपणा. पहिल्या आठवड्यात मी हावरटासारखी मराठी-इंग्रजी मिळून बारा वर्तमानपत्रं भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी न वाचलेल्यांचा आकडा ९४०. चार दिवस तो आकडा पाहून अपराधी वाटत राहिलं, जणू कोणाच्या ९४० पत्रांना उत्तर द्यायचं राहिलंय. पाचव्या दिवशी बाराही काढून टाकली.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. फीड रीडर जास्त लिहिणाऱ्यांसाठी नाहीच, कमी लिहिणाऱ्यांसाठी आहे. वर्तमानपत्र आपण एरवीही उघडतोच, आणि मोठी बातमी कोणीतरी सांगतंच. हुकतो तो वर्षातून दोनदा लिहिणारा माणूस. एक निवृत्त शिक्षक किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांवर लिहितात. खोदाईच्या खुणा, पाणी कुठून उतरतं, गाळ किती, सगळं मोजूनमापून. त्यांच्या लेखाला कोणी अंगठा दाखवत नाही, म्हणून कुठल्याही ॲपने तो आजवर माझ्यासमोर आणला नाही. फीडमध्ये मात्र पहाटे लेख पडला की सकाळच्या चहाला मी वाचलेला असतो. अशी पंचवीस-तीस माणसं भरा. रोज दोन-तीन नवीन लेख येतील, कधी एकही नाही. यादी संपते. खाली काही उरत नाही, फोन ठेवायचा. पहिल्यांदा जरा चुकल्यासारखं होतं.

सगळं मिळत नाही हेही सांगते. इथल्या, म्हणजे फेसबुकवरच्या, पोस्टी रीडरमध्ये येणार नाहीत, इन्स्टाच्याही नाहीत. काही साइट मुद्दाम दोनच ओळी देतात, म्हणजे झक मारत त्यांच्या पानावर जावं.

एक काम मात्र पहिल्याच दिवशी करा. रीडरच्या सेटिंगमध्ये यादी बाहेर काढायची सोय असते, ओपीएमएल नावाची फाइल मिळते. ती स्वतःकडे ठेवा. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला तेव्हा ही फाइल असलेले लोक पाच मिनिटांत दुसरीकडे बिऱ्हाड हलवून मोकळे झाले.

माझी यादी तेव्हापासूनचीच आहे. त्यात एक पाककृतींचा ब्लॉग आहे, २०१२ च्या सुरळीच्या वड्यांनंतर गप्प. काढला नव्हता, कारण गप्प ब्लॉग यादीत पडून राहिला तरी त्याचा काही खर्च नसतो. गेल्या महिन्यात तिथे ठळक अक्षरात १ दिसला. फणसाच्या आठळ्यांची भाजी. वर दोन ओळी, मुलं मोठी झाली, आता वेळ आहे.