‘बुरशी आलेलं शिळं चीज’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. घरच्या सगळ्यांना घेऊन तुम्ही हौसेनं आलात आणि नाराज होऊन गेलात, त्याबद्दल मनापासून माफी मागते. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देते. लेस्टरमधली आपली बरीच मंडळी रिव्ह्यू वाचूनच बुकिंग करतात आणि आमचं छोटं चीजचं दुकान शनिवार-रविवारच्या टेस्टिंगच्या, म्हणजे बसून वेगवेगळी चीज चाखण्याच्या, बुकिंगवरच चालतं. त्यामुळे गप्प बसणं मला परवडणारं नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चीज घामेजलेलं होतं, पांढरं चीज प्लेटभर पसरलं होतं आणि त्याला अमोनियाचा भपका येत होता, निळं चीज म्हणजे फ्रीजमध्ये पडून बुरशी आलेला माल, सासूबाईंना अर्धी प्लेट खाऊच दिली नाही, माणशी २६ पाउंड ही लूट आहे, आणि शेवटी तुम्हाला घाईनं उठवलं. तुम्ही किती वाजता आलात, याबद्दल मात्र रिव्ह्यूत एक अक्षर नाही. ताई, मला लागलं ते हेच.

बुकिंग चारचं होतं. तुम्ही आलात तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. पार्किंग मिळालं नाही असं तुम्ही म्हणालात. शनिवारी आमच्या रस्त्यावर ते मिळत नाही हे मला माहीत आहे आणि त्यावरून मी तुम्हाला काही बोललेही नाही. पण सव्वाचारला मी फोन केला तेव्हा ‘पाच मिनिटांत पोचतो’ असं उत्तर मिळालं. त्या शब्दावर मी प्लेटा मांडून ठेवल्या. खरी वेळ कळली असती तर अर्धं चीज परत आत ठेवलं असतं आणि तुमचा रिव्ह्यू वेगळा झाला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

वेळेचा एवढा बाऊ का, तेही सांगते. चारच्या टेस्टिंगचं चीज मी तीनच्या सुमारास बाहेर काढते. फ्रीजमधून काढलेल्या चीजमधली दुधाची चरबी घट्ट असते, आणि वास-चव बरीचशी त्या चरबीतच अडकलेली असते. थिजलेलं तूप नाकाशी धरलं तर काही कळत नाही, जरा सैल झालं की घरभर दरवळतं, तसंच हे. खोलीच्या उबेत साधारण तासाभरात चीज खाण्याजोगं होतं. मग थोडा वेळ ते उत्तम असतं. त्यानंतर, तेही जुलैच्या उकाड्यात आणि आमच्या त्या पश्चिमेच्या खिडकीशेजारी, ते हातचं जायला लागतं.

तुम्हाला कोंतेवर जो घाम दिसला, तो पाणी नव्हतं, चरबी होती. कोंते फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं कठीण चीज. चाळीसेक किलोच्या एका चाकाला सुमारे ४०० लिटर दूध लागतं आणि १२० दिवस मुरल्याशिवाय त्याला कोंते म्हणताच येत नाही. आम्ही तुम्हाला दिलं ते त्याहून बरंच जुनं होतं. उबेत ठेवलं की त्यातली चरबी सुटून पृष्ठभागावर येते. ते नासलेलं नसतं, पण दिसायला वाईट दिसतं, हे मला मान्य आहे.

अमोनियाचं कारणही हेच. तुम्ही म्हणता ते पांढरं चीज म्हणजे कामांबेर, आणि त्यावरची पांढरी साल म्हणजे मुद्दाम वाढवलेली बुरशी. बाहेरून आत तीच त्याला मऊ करत नेते, आणि हे होताना प्रथिनं फुटून थोडा अमोनिया तयार होतोच. चीज उघड्यावर असेल तर तो उडून जातो. तुमची वाट बघताना माश्या बसू नयेत आणि कापलेल्या कडा सुकू नयेत म्हणून मी प्लेटांवर काचेची झाकणं घातली. आत वास कोंडला, आणि तुम्ही बसल्यावर तुमच्यासमोरच झाकण उचललं, तेव्हा तो सगळा एकदम नाकात गेला. पाच मिनिटं थांबा, वास उतरेल, असं मी तेव्हाही म्हटलं होतं. तोवर ‘हे खराब झालंय’ असं टेबलावर ठरून गेलं होतं.

आता निळ्या चीजबद्दल, कारण ‘फ्रीजमध्ये राहून बुरशी आली’ हे वाक्य माझ्या धंद्याला सगळ्यात जास्त मारणारं आहे. घरी पावावर बुरशी आली तर आपण तो फेकतो, आणि फेकायलाच हवा. ही बुरशी तशी नव्हे. पेनिसिलियम रोकफोर्ती नावाची ही बुरशी चीज बनवतानाच घातली जाते. तुम्ही रिव्ह्यूबरोबर टाकलेला स्टिल्टन या निळ्या चीजचा फोटो कृपा करून मोठा करून बघा. काही निळ्या रेघा बाहेरून आत सरळ गेलेल्या दिसतील. त्या सुयांच्या वाटा आहेत. स्टिल्टनचं चाक काही आठवड्यांचं झालं की त्याला स्टीलच्या लांब सुया टोचतात. आतली बुरशी तोवर हवेविना दबून असते; भोकांतून हवा शिरली की त्याच वाटेनं ती निळी होत जाते. स्टिल्टन दाबून घट्ट करत नाहीत, म्हणून आत फटी राहतात आणि निळा रंग त्या फटींतूनही पसरतो. फ्रीजमध्ये आलेली बुरशी वरून बसते, अशी सरळ रेघेत आत जात नाही.

आणि ताई, स्टिल्टन आपल्या इथलंच आहे. लेस्टरशर, नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर या तीन काउंटींबाहेर बनलेल्या चीजला ते नाव लावता येत नाही. ज्या स्टिल्टन गावावरून नाव पडलं ते केंब्रिजशरमध्ये येतं, त्यामुळे तिथेही ते बनवता येत नाही. मी इथे राहायला आले तेव्हा मलाही हा वास सोसवत नव्हता. आज मी ते स्वतः निवडून आणते आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणून ‘शिळा माल खपवतात’ हे वाचून रात्रभर झोप लागली नाही.

प्लेटवरचं दुसरं निळं चीज म्हणजे रोकफोर, त्याचं तर फ्रान्समध्ये केवढं कौतुक! दक्षिणेकडच्या रोकफोर-स्युर-सुल्झों गावाशेजारी कोंबालू नावाचा डोंगर आहे. त्याचा कडा ढासळून आत गुहा झाल्या आणि कातळातल्या फटींतून त्या गुहांमध्ये सतत गार, दमट हवा खेळते. मेंढीच्या कच्च्या दुधाचं हे चीज तिथे मुरतं. त्यातली बुरशी पूर्वी राय नावाच्या धान्याच्या पावावर वाढवत असत. १४११ साली सहाव्या चार्ल्स राजानं हे चीज मुरवण्याचा हक्क फक्त त्या गावाला दिला आणि १९२५ मध्ये त्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. ते खारट असतं, जिभेला झणझणतं, आणि म्हणूनच प्लेटवर सगळ्यात शेवटी असतं. तुमच्याकडच्या दोघांनी सुरुवातच त्याच्यापासून केली. ‘डावीकडून सुरू करा’ असं मी सांगत होते, पण फोटो काढण्याच्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं. रोकफोरनंतर ताजं बकरीच्या दुधाचं चीज खाल्लं तर ते बेचवच लागणार. रिव्ह्यूत ‘बाकीच्यांना काही चवच नव्हती’ असं आहे, ते यामुळे.

सासूबाईंबद्दल लिहिलंत ते मात्र अन्यायाचं आहे. बुकिंग करताना तुम्हीच कळवलं होतंत की त्या पूर्ण शाकाहारी आहेत. रोकफोर, कोंते आणि कामांबेर ही तिन्ही जुन्या रीतीप्रमाणे वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसानं, विरजलेली असतात. त्यांना हे न सांगता खाऊ घातलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, पण मला ते जमलं नसतं. त्याऐवजी त्यांना शाकाहारी रेनेटचं स्टिल्टन दिलं आणि पोर्तुगालचं सेरा दा एस्त्रेला दिलं. तिथे मेंढीचं दूध एका काटेरी रानझाडाच्या फुलांच्या अर्कानं विरजतात. वरची साल कापून आतलं मऊ चीज चमच्यानं खायचं असतं. त्या प्लेटवरचं सगळ्यात महाग चीज तेच होतं. सासूबाईंनी ते परत मागून घेतलं, स्टिल्टनही आवडीनं खाल्लं, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. हे सगळं शांतपणे समजावून सांगायलाच टेस्टिंगमधली पहिली वीस मिनिटं ठेवलेली असतात. ती त्या दिवशी उरली नव्हती.

उठवल्याबद्दल: साडेपाचला तुमची वेळ संपत होती. मी पावणेसहापर्यंत थांबले. सहाला दुसरं बुकिंग होतं, त्यात एका आजोबांचा वाढदिवस होता, आणि टेबलं पुसून त्यांच्या प्लेटा मांडायच्या होत्या. माझा सूर त्या वेळी तुटक वाटला असेल तर त्याचं वाईट वाटतं. दुकानात मी आणि माझा नवरा, दोघंच असतो.

किमतीबद्दल फार लिहीत नाही. सुपरमार्केटमध्ये स्टिल्टनचा तुकडा तीन पाउंडांना मिळतो हे खरं आहे. आम्ही सहा चीज, पाव, अंजिराचा मुरंबा आणि दीड तास देतो, आणि कापलेलं चीज उरलं तर ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला लावत नाही. मेंढी गाईइतकं दूध देत नाही, त्यामुळे मेंढीच्या दुधाचं चीज स्वस्त पडूच शकत नाही. २६ पाउंडांत आमच्या हाती किती उरतं, ते इथे लिहायला संकोच वाटतो.

तुमच्या सूचना आम्ही दोघांनी वाचल्या आहेत. उन्हाळ्यात चीज दोन टप्प्यांत बाहेर काढण्याचं बघतो आहोत, खिडकीला पडदाही लावायचा आहे, पार्किंगची माहिती बुकिंगच्या मेसेजमध्ये घालू, आणि कुणाला उशीर झाला तर काय करायचं याचाही काहीतरी नियम ठरवू.

रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. पन्नास मिनिटं उशीर झाला होता, एवढी एक ओळ त्यात घातलीत तर वाचणाऱ्यांना दोन्ही बाजू कळतील, आणि माझ्यासारख्या लहान दुकानदाराला तेवढा आधार पुष्कळ आहे. सासूबाई भारतात परत जाण्याआधी त्यांना घेऊन या. मंगळवार ते शुक्रवार दुपारी दुकानात गर्दी नसते, पार्किंगही मिळतं. त्यांच्या प्लेटचे पैसे मी घेणार नाही. फक्त निघताना फोन करा, म्हणजे सेरा दा एस्त्रेला वेळेवर बाहेर काढून ठेवता येईल.