कुकीज आमच्या, भान तुमचं

गोरमे कुकीजच्या गिफ्ट बॉक्सचा धंदा, आणि तोही सामाजिक भान असलेला? अभिनंदन! अशाच एका ब्रँडसाठी मी कुकीज भाजून देते, तेव्हा चार युक्तीच्या गोष्टी सांगायचा मला हक्क आहे. परवा थकलेल्या बिलाऐवजी त्यांच्याकडून डेबिट नोट, म्हणजे माझ्याच पैशांतून कपात दाखवणारा कागद, आली, तेव्हापासून तर सांगितल्याशिवाय राहवतच नाही.

तर, आधी भान छापून घ्या. रेसिपीचं नंतर बघता येतं. जाड, खडबडीत कागदाचं कार्ड हवं आणि त्यावर हस्ताक्षरासारख्या फॉण्टमध्ये ‘ही कुकी एका स्वाभिमानी स्त्रीच्या हातची आहे’ वगैरे. फॉण्टच वापरा. खरंच हातानं लिहून घेतलंत तर त्या स्त्रीला लिहिण्याचेही पैसे द्यावे लागतील.

फोटो काढताना तिला हेअरनेट आणि हातमोजे उतरवायला लावा, कारण स्वच्छता पाळणारी बाई पुरेशी बिचारी दिसत नाही. थोडं हसायला हरकत नाही. पण हिचं बरं चाललंय अशी शंका येईल इतकं नको.

कामगार म्हणू नका, फॅमिली म्हणा. फॅमिलीला ओव्हरटाइम नसतो.

‘नफ्यातला काही वाटा सत्कार्याला’ हे ठळक छापा, टक्का मात्र कुठेही लिहू नका.

चॉकलेट शेतकऱ्यांच्या भल्याचं प्रमाणपत्र असलेलंच घ्या. त्यात ‘मास बॅलन्स’ नावाची एक सोय असते: कारखान्यात प्रमाणित आणि साधा कोको एकत्र मिसळला तरी चालतो, खरेदी-विक्रीच्या वजनाचा हिशेब कागदोपत्री जुळला की पुरे. प्रमाणित माल विकणाऱ्या शेतकऱ्यांना त्याचा फायदा मिळतो, हे खरं. तुमच्या चॉकलेट चिप्समध्ये त्यांच्या शेतातला एक दाणाही नसेल, हेही खरं. तुम्ही मात्र ‘याच कुकीतल्या कोकोनं एक शेत हसलं’ असं बिनधास्त लिहा. आणि मुदतीबिदतींचं दडपण घेऊ नका. कोकोच्या शेतांतली सर्वांत वाईट बालमजुरी २००५ पर्यंत संपवू, असा करार चॉकलेट उद्योगानं २००१ मध्ये केला होता. २०२० च्या एका अभ्यासात घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोनच देशांत कोकोच्या कामातल्या बालमजुरांचा अंदाज साडेपंधरा लाखांच्या वर निघाला. एवढे मोठे आदर्श समोर असताना माझं बिल चार महिने रखडलं तर त्यात नवल काय?

व्हॅनिलासाठी तर गोष्ट तयारच आहे. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं व्हॅनिलाच्या फुलाचं हातानं झटपट परागीभवन कसं करायचं ते शोधून काढलं. आजही जगातली बहुतेक व्हॅनिला तशीच पिकते. कार्डावर इथपर्यंतच छापा. त्याच्या युक्तीवर मळेवाले गब्बर झाले आणि तो १८८० मध्ये दारिद्र्यात मेला, हे वाचून कुकी गोड लागणार नाही.

वेष्टनावर ‘कंपोस्टेबल’ लिहा. त्यातल्या बऱ्याच फिल्मना कुजायला साठेक अंशांचा औद्योगिक प्रकल्प लागतो आणि घरच्या कुंडीत त्या तशाच पडून राहतात, ते ज्याच्या त्याच्या कुंडीचं नशीब.

आता बॉक्स. बॉक्स उंच, गोल आणि आतून मोकळा हवा, म्हणजे उघडतानाचा व्हिडिओ छान येतो. कुकी पातळ हवी, बटरनं खुसखुशीत हवी, बोट लागताच मोडेल अशी. डिव्हायडर नको, त्यानं म्हणे बॉक्सचा मोकळेपणा जातो. त्याच बॉक्समध्ये वर चार मऊ, जाड कुकीजही टाका. मऊ कुकीतला ओलावा खुसखुशीत कुकीत उतरतो, ही चिवट होते, ती कोरडी पडते, आणि दोन्ही मिळून बेकरनं काल-परवाचा माल दिला असं दिसतं. हे सगळं मी आधी कळवलं होतं. बोलून नाही, लेखी! उत्तर आलं की ‘डिझाइन फायनल आहे’. मग कुरिअरवाल्यानं बॉक्स जसे आपटायचे तसे आपटले, लोकांनी चुऱ्याचे फोटो पाठवले, आणि हे भानवाले काय करतात? ब्रेकेज माझ्या नावावर! तेही मला मिळणाऱ्या दरानं नाही, त्यांच्या छापील किमतीनं. म्हणजे जी कुकी मी त्यांना एका भावानं विकली, तीच मोडल्यावर तिप्पट भावानं मी परत विकत घ्यायची. अहो, बॉक्स कुणी निवडला? कुरिअर कुणाचा? भट्टीतून निघालेली प्रत्येक बॅच तुमच्याच माणसानं तपासून सही करून नेली ना?

उरलेल्या रकमेसाठी फोन केला की ‘क्लायंटकडून पेमेंट आलं की लगेच’. बटरवाला माझ्यासाठी थांबत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हा यांनी बॉक्सची किंमत वाढवली. माझा दर वाढवा म्हटलं तर मला मिशन समजलेलं नाही!

बास झालं. युक्त्या संपल्या.

न्यूयॉर्कजवळ याँकर्स गावात ग्रेस्टन नावाची बेकरी आहे, १९८२ पासूनची. तिथे मुलाखत न घेता, तुरुंगात होतास का हे न विचारता काम देतात. यादीत नाव लिहायचं, नंबर लागला की कामाला यायचं. तुमच्याकडून एवढं कुणी मागितलेलं नाही. आम्ही मागतोय ते साधं आहे: अर्धे पैसे ऑर्डरसोबत, अर्धे माल उचलताना. बॉक्स तुमचा, कुरिअर तुमचा, तर चुराही तुमचा. मालाचे भाव वाढले की आमचा दरही वाढेल. हे परवडत नसेल तर नुसत्या कुकीज विका, कोण अडवतंय? पण बाईचे पैसे दाबून तिच्याच स्वाभिमानाची कार्डं वाटता, लाज वाटत नाही? ती डेबिट नोट रद्द करा. मागचं बिल पूर्ण जमा झाल्याशिवाय माझ्याकडे पुढची बॅच लागणार नाही, आणि फॅमिली-फॅमिली करत फोन तर अजिबात करू नका.