कडेला मशीन का मारते : काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, नमस्कार.

उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी रागच आला होता. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काकूंचं म्हणणं असं, की कडेला मशीन मारायची, वर 'हाती शिवलेली गोधडी' म्हणायचं आणि साडेतीन हजार घ्यायचे, ही फसवणूक आहे. त्यांच्या आईनं जन्मभर वाकळा शिवल्या, कधी पैसा घेतला नाही. शेवटी त्यांनी विचारलंय, "स्वतःच्या लेकीला तरी अशीच देता का?"

नाही, देत नाही. लेकीच्या गोधडीला खालचं लुगडं चारी बाजूंनी दोन बोटं जास्त ठेवते, ते वर मुरडते आणि हातानंच हेम घालते. कोपऱ्यात इतके पदर साठतात की सुई ओढायला पक्कड घ्यावी लागते. पण तो काठ मऊ असतो, हनुवटीला टोचत नाही.

आणि तो आधी विरतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! घट बसायच्या आधी आमच्याकडे सगळ्या वाकळा नदीवर जायच्या, दगडावर आपटून धुतल्या जायच्या. दसरा झाला की आजी दाभण घेऊन ओसरीवर बसे. मधला धावदोरा शाबूत असे, काठ मात्र उसवलेला. ती जुन्या पातळाची पट्टी फाडून नवा काठ लावी. दर दोन-तीन वर्षांनी हेच.

विकलेल्या गोधडीला अशी आजी नसते. सुरुवातीच्या पाच गोधड्या मी हाताच्या हेमेच्याच दिल्या होत्या. एकीचा फोटो आला : वॉशिंग मशीनमध्ये चारदा घुसळून काठ वीतभर उघडा पडलेला, आतलं धोतर बाहेर लोंबतंय. पैसे परत केले. तेव्हापासून विकायच्या गोधडीला वेगळी सुती पट्टी आणि मशीनची दुहेरी शिलाई. तीही मधलं सगळं शिवून झाल्यावरच. धावदोरा कापड आत ओढतो, गोधडी दोनेक इंच आखडते. आधीच काठ बंद केला तर तो परकराच्या झालरीसारखा लाटा मारतो. (हेही एकदा करून बसलेय.)

आता पैसे. साठ बाय नव्वद इंचांची एकेरी गोधडी, दोन ओळींत पाऊण इंच अंतर. हिशेब केला तर धावदोरा भरतो 600 फूट. चार पदरी कापडात माझा हात तासाला बारा फुटांच्या पुढे जात नाही. म्हणजे पन्नास तास. कापड-दोऱ्याचे सहाशे वजा करा, तासाला अठ्ठावन्न रुपये उरतात. तुमच्या आईंनी पैसे घेतले नाहीत, कारण त्या घरच्यांसाठी शिवत होत्या. माझ्या आजीनंही घरात घेतले नाहीत. पण आमच्याच आळीत एक म्हातारी दुसऱ्यांच्या वाकळा शिवून द्यायची आणि पायलीनं जोंधळे मोजून घ्यायची. तिला कुणी नावं ठेवल्याचं आठवत नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं खरं आहे. 'हाती शिवलेली' एवढंच लिहायला नको होतं. घेणाऱ्याला काठ मशीनचा आहे हे आधी कळायला हवं, आणि ते मी लपवलं नसलं तरी सांगितलंही नव्हतं. काल चिठ्ठी बदलली : 'धावदोरा हाताचा, काठ मशीनचा.' ज्या दोघींच्या गोधड्या सध्या शिवायला घेतल्यात त्यांनाही कळवलं. एक म्हणाली, चालेल. दुसरीला हाताचाच काठ हवाय. तिला चारशे रुपये आणि आठ दिवस जास्त सांगितलेत, आणि उसवला की माझ्याकडेच पाठव म्हटलंय.

तुमच्या आई कोपरा कसा मुरडायच्या, तेवढं लिहाल का? माझा अजून फुगतो.