तीन मिलिमीटरनं काय होतं? तोफगोळ्यांच्या पोस्टबद्दल खुलासा

परभणी-हिंगोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय: युक्रेनला गोळ्यांची टंचाई नव्हतीच, कारण सोव्हिएत बनावटीचे 152 मिमीचे गोळे 155 मिमीच्या पाश्चात्त्य तोफांत चालतात. हे साफ चूक आहे. मी तोफखान्यात नोकरी केलेली, म्हणून लिहितोय.

गोळ्याच्या बुडाकडं तांब्याचा पट्टा असतो. तो नळीतल्या खाचांत घट्ट रुतला तरच मागचा गॅस कोंडतो आणि गोळा गरगरत नेमका जातो. ट्रॅक्टरच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्यावर इंजिन धूर ओकतं अन् ओढत नाही, तसंच हे: 152 चा गोळा 155 च्या नळीत तीन मिमीनं ढिला राहतो, पट्टा खाचांत रुततच नाही. आपल्या लष्करानं 130 मिमीच्या जुन्या रशियन तोफा 155 च्या केल्या, त्या 'शारंग'ला नळीच नवी बसवावी लागली.

त्याच पोस्टमध्ये गोळा 155 किलोचा म्हटलाय. 155 हा नळीचा व्यास. गोळा साधारण 43 किलोचा, युरियाच्या गोणीपेक्षा थोडा हलका.

टंचाई मात्र खरी होती. युरोपीय संघानं मार्च 2024 पर्यंत 10 लाख गोळे द्यायचं कबूल केलं होतं. मुदतीत जेमतेम निम्मे पोचले. पोस्ट पुढं पाठवली असेल, तर दादांनो, हेही तिथंच टाका.