सारफीतली चार नंबरची खोली

“आईला घेऊन थायलंडला गेलीस आणि गावाबाहेरच्या लॉजवर ठेवलंस?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आज एकदाच सविस्तर लिहिते.

हो, ठेवलं. २०२४ च्या नोव्हेंबरात, दिवाळी झाल्यावर, आठ रात्री. रोजचे साडेचारशे बाट, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने अकराशे-बाराशे रुपये. आणि पुन्हा गेले तर तिथेच उतरेन.

जागा उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहराच्या दक्षिणेला, सारफी नावाच्या तालुक्यात. चियांग माई १२९६ साली मेंगराय राजाने वसवलं. जुनं शहर चौकोनी आहे, भोवती पाण्याचा खंदक. सगळी नावाजलेली हॉटेलं त्या चौकोनात नाहीतर त्याला चिकटून. आमचं हॉटेल तिथून आठ-नऊ किलोमीटरवर, लाम्फूनला जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या आत एका गल्लीत. दोन मजले, पुढे फरसबंद अंगण, अंगणात आंब्याचं झाड. पाटीवर थाई अक्षरांत एवढंच लिहिलेलं: खोल्या, रोजाने आणि महिन्याने. अशा पाट्या तिकडे प्रत्येक गावाच्या वेशीवर दिसतात. तिथे उतरतात ते थाई लोकच. आमच्या शेजारच्या खोलीत लाम्फूनच्या कारखान्यात कामाला असलेल्या दोन मुली महिन्याने राहत होत्या, पलीकडे एक औषधांचा विक्रेता. परदेशी म्हणजे आम्ही दोघीच.

खोलीत एसी, छोटा फ्रिज, पाणी गरम करायची किटली, बाथरूममध्ये गीझर आणि आपल्यासारखाच जेट. चादरी कडक धुतलेल्या. आईचे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावरची चार नंबरची खोली मागितली आणि दार उघडताच ओलीचा वास आला. खोटं कशाला सांगू, पहिल्या क्षणी माझा जीव खाली बसला. वाटलं, चुकलंच आपलं.

मालकीणबाई साठीच्या असतील. मी त्यांना ‘पा’ म्हणायचे, म्हणजे मावशी किंवा आत्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं, मोबाइलवर काहीतरी बोलून भाषांतर दाखवलं आणि मला काउंटरमागच्या भिंतीपाशी नेलं. माझ्या कमरेच्या थोडं खाली एक तपकिरी रेघ भिंतभर सरळ गेलेली. महिन्यापूर्वीचा पूर. त्या वर्षी पिंग नदीला सप्टेंबरअखेर एकदा आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा पूर आला, आणि शहरातलं पाणी ओसरलं तरी सारफीत ते दिवसच्या दिवस तुंबून राहिलं. पांनी तळमजल्यावरच्या सगळ्या गाद्या फेकल्या होत्या, नव्या आणल्या होत्या. कपाटांचं प्लायवूड मात्र खालून फुगलेलंच होतं. बोट लावलं की त्याचा पापुद्रा निघायचा. “वरची खोली कोरडी आहे, हवी तर त्याच भाड्यात देते,” असं मोबाइलने सांगितलं. आईने जिन्याकडे पाहिलं, मग त्या रेघेकडे. म्हणाली, “राहू दे बाप्पा. इनं एवढं धुऊन-पुसून उभं केलं, आपल्याला वासाचं काय घेऊन बसली तू?”

दुसऱ्या दिवशी कळलं की ही पुराची गोष्ट त्या मातीला नवी नाही. हॉटेलपासून थोड्याच अंतरावर विअंग कुम काम आहे. चियांग माई वसवण्याआधी मेंगरायने आपली राजधानी तिथे केली होती. पिंगच्या पुरांनी त्याला ती सोडावी लागली आणि पुढे ते गाव गाळाखाली असं गाडलं गेलं की १९८४ साली पुन्हा सापडलं. आता घरांच्या, बागांच्या मधूनमधून विटांचे चौथरे आणि स्तूप दिसतात, कितीतरी आजच्या जमिनीपेक्षा खाली, खड्ड्यात. आई एका चौथऱ्याच्या काठावर उभी राहून बराच वेळ खाली बघत होती. आमच्याशिवाय तिथे फक्त एक माळी होता.

आता थोडं मागचं सांगते, कारण माझा राग तिथून सुरू होतो. २०१८ साली आईला मी एका टूर कंपनीबरोबर पाठवलं होतं. चाळीस माणसं, बँकॉक आणि पटाया, “शहराच्या मध्यभागी थ्री स्टार, तिन्ही वेळा भारतीय जेवण”. आई वर्षभर पेन्शनमधून पैसे बाजूला टाकत होती. तिला बुद्धाचा देश बघायचा होता. आमच्या उत्तर नागपूरच्या विहारातली बुद्धमूर्ती थायलंडहून आलेली, रोज संध्याकाळी आई तिच्यासमोर वंदनेला बसते. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? म्हणाली, “विहारात चाळीस मिनिटं दिली अन् हिऱ्या-माणकाच्या दुकानात दोन घंटे.” तक्रारीच्या सुरात नव्हती म्हणाली, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं.

म्हणून या वेळी मी ठरवलं होतं की आईला वंदनेला बसता येईल अशा जागी न्यायचं. हॉटेल शोधताना मी शहराचा मध्य पाहिला नाही, चालत जाण्याच्या अंतरावर साधा वाट आहे का, एवढंच पाहिलं. वाट म्हणजे तिथलं विहार. चियांग माईत शेकड्यांनी आहेत, पण जुन्या शहरातले मोठे वाट दिवसभर कॅमेऱ्यांनी भरलेले असतात, काहींना परदेशी माणसाला तिकीट आहे. मी त्यांना नावं ठेवत नाही. वाट चेदी लुआंगचा तो भंगलेला स्तूप बघून मीही गप्प झाले. पण तिथे आईला टेकायला जागा नव्हती.

आमच्या गल्लीच्या टोकाचा वाट गल्लीतल्याच लोकांचा होता. पहिल्या संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा आठ-दहा म्हाताऱ्या बाया आणि चार भिक्खू पाठ म्हणत होते. चपला काढून आम्ही मागे बसलो. एका बाईने न सांगता आईसाठी प्लास्टिकची खुर्ची सरकवली. आणि सुरू झालं, “नमो तस्स फखवतो अरहतो सम्मासम्फुत्थत्स.” आईने माझा हात धरला. “भगवतो म्हणताहेत,” ती कुजबुजली. मग ती आपल्या उच्चारात म्हणू लागली, त्या त्यांच्या उच्चारात. आपलं “बुद्धं सरणं गच्छामि” त्यांच्या तोंडी “फुत्थंग सरनंग खत्छामि” होतं. थाई जिभेवर ब, ग, द असे बदलतात. पण शब्द तेच, क्रम तोच, तीन वेळा म्हणायचं तेही तेच. पुढे बसलेल्या बायांनी वळून पाहिलं. भारतातून आलेल्या बाईला हे पाठ आहे हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

पाठ संपल्यावर त्यांनी आईला गराडा घातला. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती. मी मोबाइलवर १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, बाबासाहेब, लाखो माणसांची दीक्षा, असं जमेल तसं भाषांतर करून दाखवलं. एक आजी वाचून माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी आईच्या दोन्ही हातांना हात लावून स्वतःच्या कपाळाला लावले. मध्यभागातल्या कुठल्या हॉटेलात हे मिळालं असतं, मला सांगा.

सकाळचं तर वेगळंच. सहाच्या सुमाराला भिक्खू अनवाणी, भिक्षापात्र घेऊन आमच्या अंगणासमोरून जायचे. पा रोज टेबल मांडून उभ्या असायच्या: चिकट भाताच्या छोट्या पिशव्या, रबर लावलेल्या रश्श्याच्या पिशव्या, केळी. तिसऱ्या दिवसापासून आईही त्यांच्या शेजारी उभी राहिली. चपला काढायच्या, पात्राला किंवा भिक्खूला हात न लागू देता वरून पिशवी सोडायची, मग खाली बसून हात जोडायचे. भिक्खू उभ्यानेच आशीर्वाद म्हणतात, शेवटी “आयु वन्नो सुखंग फलंग”. आपल्या विहारातलं तेच “आयु वण्णो सुखं बलं”. आई पहिल्या दिवशी उठताना रडली. पांनी काही विचारलं नाही, खुर्ची आणली आणि चहा केला. त्या आईला ‘खुन मॅ’ म्हणायच्या, म्हणजे आईसाहेब.

सगळं पटलं असं नाही. एका दुपारी आईने भन्तेजींना शाल द्यायला हात पुढे केला तर त्यांनी समोर एक कापड पसरलं, त्यावर ठेवा म्हणाले. बाईच्या हातून थेट घेत नाहीत. आईचा चेहरा उतरला. खोलीवर येऊन म्हणाली, “हे काहून पण? बाबासाहेबांनी आपल्याला असं नाही शिकवलं.” मी तिला सांगितलं की हा तिथल्या संघाचा रिवाज आहे. आणि हेही सांगितलं की थायलंडच्या संघाने १९२८ साली आदेश काढून स्त्रियांना भिक्खुणीची दीक्षा द्यायला भिक्खूंना बंदी केली, तिथल्या अधिकृत संघात आजही भिक्खुणी नाहीत. त्या पांढऱ्या वस्त्रातल्या मुंडन केलेल्या बाया दिसतात त्या मे-ची, म्हणजे भिक्खुणी न होता विहारात राहणाऱ्या साधिका. आईला ते मान्य झालं नाही, मलाही नाही. अंगणातल्या कोपऱ्यात खांबावर वास्तुदेवतेचं छोटं घर होतं, पा त्यापुढे लाल सरबताची बाटली स्ट्रॉ घालून ठेवायच्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आईने तेही रोज पाहिलं. हात जोडले नाहीत, आणि पांनीही कधी तशी अपेक्षा केली नाही. एकमेकींचा धम्म असा जवळून, न पटणाऱ्या भागासकट बघणं मला फोटो काढून निघून जाण्यापेक्षा जास्त आदराचं वाटतं.

आम्ही गेलो ते दिवस ‘कठीण चीवरदाना’चे, म्हणजे भिक्खूंना वस्त्रदान करण्याच्या सोहळ्याचे होते. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, संपल्यावर पुढच्या महिन्याभरात प्रत्येक वाटात एकदाच ते होतं. थाईत त्याला ‘कथिन’ म्हणतात. आमच्या गल्लीचं नेमकं त्या आठवड्यात आलं. पांढरी साडी नेसून आई निघाली तर गल्लीतल्या बायाही पांढऱ्यात. अंगणात फुकट जेवणाचे मांडव. त्याला म्हणतात ‘रोंग थान’, आणि त्यातलं थान म्हणजे आपलं दान. शेवया, आइस्क्रीम, भजी, ज्याने त्याने आपापल्या परीने आणलेलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर भोजनदानाचे मांडव लागतात ते ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. आई दहा मिनिटांत एका मांडवात वाढायला उभी राहिली.

जेवणाची काळजी करणाऱ्यांसाठी: आई अष्टमी-पौर्णिमेला मांसाहार करत नाही. थाईत शाकाहाराला ‘मांगसविरत’ म्हणतात, म्हणजे मांस-विरती, हा शब्द ऐकूनच कळतो. त्याहून कडक ते ‘जे’, पिवळ्या पाटीवर लाल अक्षर असतं, त्यात कांदा-लसूणही नाही. एवढे दोन शब्द पुरतात. एरवी आई कोंबडीचं खाओ सोय, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, मिटक्या मारत खायची.

अडचणीही सांगते. शहरात जायला निळी सोंगथेव, आपल्या काळी-पिवळीसारखी, मागे दोन बाकं असलेली गाडी. मोठमोठ्या यांग झाडांमधून जाते. शंभर वर्षांहून जुनी झाडं ती, कोणी तोडू नये म्हणून त्यांना भिक्खूंचं भगवं वस्त्र गुंडाळलेलं. रस्ता सुंदर, पण संध्याकाळी सहानंतर गाडी मिळेना. एकदा आम्ही शहरातल्या बाजारात उशीर केला, अ‍ॅपवरच्या दोन गाड्यांनी इतक्या लांब यायला नको म्हणून बुकिंग रद्द केलं आणि आई पाऊण तास फुटपाथवर बसून राहिली. ती माझी चूक. अंधार पडल्यावर गल्लीतली कुत्री अंगावर येतात, हेही खरं. ज्यांना रात्रीचा बाजार हवा त्यांनी मध्यभागातच राहावं.

पण आपल्या ग्रुपमध्ये थायलंडचं नाव निघालं की पुरुष डोळे मिचकावतात आणि बाया शॉपिंगचं विचारतात, ते आता मला सहन होत नाही. ज्या देशात माझ्या आईची वंदना तिथल्या बायांना शब्दाशब्दाने समजते, त्या देशाची आपल्याकडे एवढीच ओळख का असावी? आणि आपल्याच धम्मबांधवांच्या सहली काढणाऱ्यांनी तरी ‘सेंटरपासून किती जवळ’ एवढ्यावर हॉटेल का ठरवावं? एक रात्र तरी विहाराजवळ ठेवा लोकांना. सकाळी सहाला उठवा.

निघताना पांनी किल्लीची अनामत परत दिली, वर भाताच्या चार पिशव्या, बँकॉकच्या गाडीसाठी. आईने त्यांना विहारात नेसायची तिची दुसरी पांढरी साडी दिली. पांनी ती कशी नेसायची ते दोनदा करून बघितलं.

आता आईने विहारातल्या बायांना गोळा केलंय. अकरा जणी तयार आहेत, पुढच्या कठीणाला जायचं म्हणतात. तळमजल्यावर चारच खोल्या आहेत आणि गुडघे सात जणींचे दुखतात. पांना विचारलंय, दोन खोल्यांत जादा गादी टाकता येईल का म्हणून. त्यांचा निरोप आलाय: गाद्या आहेत, पण पावसाळा संपल्याशिवाय तळमजला पक्का धरू नका.